सुलूची काठी आणि गावाची झोप

रविवारी चर्चमध्ये पेंगणाऱ्याला काठीनं टोचायचा मान सुलुफाइगाचा, म्हणजे सुलूमावशीचा. गावानं पहाटे उठून तापल्या दगडांवर टारोचे कंद भाजायला ठेवायचे, मग पांढरे कपडे चढवून पाद्रीबाबांचं प्रवचन ऐकायचं, डोळे मिटणारच. मिटले की बरगडीत काठी. आख्ख्या गावाच्या बरगड्या सुलूला पाठ.

हल्ली मात्र वेगळीच मजा चालली होती. प्रवचन सुरू झालं की सुलू खांबाला टेकायची, आणि काठी धरून उभ्या उभ्या घोरायची. गाव खूष. तिला उठवतो कोण? पुढच्या बाकावरचा पेसामिनो तर घरून उशी आणू लागला.

हे पाहिलं नर्स फुआतीनोनं. चर्चच्या पायरीवर बसवून तिनं सुलूची नाडी धरली.

"मावशी, दुपारची डुलकी सगळेच काढतात. पण तू दिवसभर पेंगतेस, पाय सुजलेत, या चार पायऱ्यांना धाप लागते. ठोकेही अडखळतायत. उद्याच आपियाला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन हृदय दाखव."

"दाखवते, आणि इकडे काठी दुसरीच्या हातात जाऊ देते. मला काही झोपबिप लागत नाही."

"लागते की," पेसामिनो उशी काखेत मारून म्हणाला. "पाऊस संपल्यापासून दर रविवारी. तू घोरायला लागलीस की आम्ही आडवे."

सुलूचा चेहरा उतरला. "सगळे?"

"पाद्रीबाबा सोडून. त्यांना बोलायचं असतं."

"आणि मला कुणी उठवलं नाही, मेल्या?"

"उठवणं तुझं काम. तुझ्या कामात आम्ही कशाला नाक खुपसू?"

सुलू काठी टेकत उठली. मग फुआतीनोला म्हणाली, "पहिली बस किती वाजता?"

काठी अर्थातच सोबत गेली. बसच्या खिडकीतून हातभर बाहेर. दवाखान्यात डॉक्टरांनी ती दाराबाहेर ठेवायला सांगितली, तर ही तपासून घ्यायला आत जाईना. शेवटी ठोके मोजले ते काठीसकटच. हृदय थकलं होतं, पण दुखणं वेळेवर सापडलं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, हळूहळू सूज ओसरली.

ती परतली त्या रविवारी पेसामिनो ताठ बसला होता, डोळे टक्क उघडे. तरी पहिलं भजन संपायच्या आत बरगडीत काठी आली.

"अगं, जागा आहे मी!"

"दिसतंय," सुलू म्हणाली. "हे मागच्या रविवारांचं. अजून बरेच बाकी आहेत, नीट बस."