करवंदांचा पत्ता

सुमनताईंच्या भाच्याचा फोन सकाळी आला. "मावशी गेली. झोपेतच," तो म्हणाला. "तुमच्या नावाची एक बरणी फडताळात आहे. सवडीने घेऊन जा." या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

सुमनताई शनिवार पेठेत राहत. एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. वाळवलेली फांदी कागदावर चिकटवायची आणि खाली नाव, ठिकाण, तारीख लिहायची, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ही सवय लोणच्याच्या बरण्यांवर उतरली. 'करवंद, कच्ची. टेकडी, पश्चिम उतार, पाण्याच्या टाकीखाली.' मंडईतली करवंदे त्यांना चालत नसत. "कुठल्या जाळीची, सांगेल का कोणी? ठिकाण नसेल तर तो नमुना नव्हे, पाचोळा." मी वर्तमानपत्रात बातमीदार. त्यांच्या विभागातल्या प्रदर्शनाची बातमी मी दिली होती, तीत चार झाडांची नावे चुकली होती. ते सांगायला त्यांनी फोन केला, तीच आमची ओळख.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही टेकडीवर जाऊ लागलो. पहिल्या खेपेला मी एका झुडपाचे पान तोडले आणि पांढरा चीक दाखवून म्हणालो, "हे करवंद."

"चीक रुईलाही असतो. तिचं लोणचं घालणार का?"

मग त्यांनी समोरासमोर येणारी जाड, चकचकीत पाने दाखवली, जोडीने येणारे काटे दाखवले. चार-पाच जणींच्या बरण्या भरतील एवढी करवंदे टाकीखालच्या त्या जाळीला लागत. पण ताईंचा नियम एकच होता. उभ्या जागेवरून हाताला लागेल तेवढेच काढायचे, काठी लावायची नाही. आतली फळे बुलबुलांची. घरी आल्यावर बोटांना तेल चोळून त्या करवंदे चिरत, म्हणजे चीक चिकटत नाही. माझी बोटे मात्र दोन दिवस काळी राहत...

तीन वर्षांपूर्वी मी पुरवणीत करवंदांवर लेख लिहिला. ताईंना आवडावा म्हणून त्यात ठिकाण दिले, त्यांच्या बरणीवर लिहिलेले असे, तसेच्या तसे. लेख रविवारी छापून आला. पुढच्या शनिवारी आम्ही वर गेलो, तेव्हा जाळी मोडलेली होती. फांद्या काठ्यांनी ओढून तोडल्या होत्या, खाली कच्ची फळे तुडवलेली होती, मोडलेल्या टोकांवर चीक वाळला होता. ताईंनी एक तुटकी फांदी उचलून बाजूला ठेवली.

"पत्ता मात्र अचूक दिलात हो," त्या म्हणाल्या. मग रिकामी पिशवी घेऊन उतरू लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावले नाही. मी दोनदा माफी मागायला गेलो. दोन्ही वेळा विषय निघताच त्या म्हणाल्या, "चहा घ्या, गार होतोय." बरणी मात्र दर वर्षी भाच्याबरोबर येत राहिली. तिच्यावरच्या चिठ्ठीत एकच शब्द असे, 'करवंद'. ठिकाण नाही. त्यांच्या भाषेत याला काय म्हणतात, ते मला ठाऊक होते.

तेराव्यानंतर मी बरणी आणायला गेलो. भाचा म्हणाला, "यंदा एकटीच गेली होती. पायथ्यापर्यंत रिक्षा केली. मला येऊ दिलं नाही." चिठ्ठी नेहमीपेक्षा मोठी होती. अक्षर हलले होते, पण ओळी सरळ होत्या. टेकडी, उतार, कोणत्या खडकापासून किती पावले, सगळे लिहिले होते. ही जागा मला माहीत नव्हती... त्यांनी ती कधी शोधली आणि हे लिहायला का बसल्या, हे आता विचारता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पावले मोजली. जाळी तिथेच होती, एकही फांदी मोडलेली नव्हती. बाहेरच्या फांद्या रिकाम्या होत्या, आत पिकलेली काळी करवंदे होती. मी हात घातला नाही.

बरणी आता संपली आहे. ओट्यावर तशीच आहे. धुतली तर चिठ्ठी निघेल. ती मी रोज वाचतो. तिच्यावरचे ठिकाण इथे देत नाही.