नत्थुजीचा डावा गाल

नत्थुजी पारखी न्हाव्यापुढे बसायचा तो फक्त डाव्या गालासाठी. उजव्या गालावर आठ-आठ दिवस खुंट वाढलेले असत, पण डावा रोज सकाळी गुळगुळीत झालाच पाहिजे. त्या गालाला तेल लागू द्यायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, झोपताना त्या कुशीवर वळायचं नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी खुद्द बायकोला, मनकर्णेला, त्या गालाला हात लावायची मुभा नव्हती.

कारण त्या गालावर अमरावतीचा कापूस बाजार चालायचा. सात समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला होता. भाव वजनावर, म्हणून कापसावर पाणी शिंपडायची खोड जुनीच, आता तर जो तो गाडी भरताना शिंपडायचा. मग मुंबईच्या एका कंपनीचा गोरा साहेब गाड्यांपुढे येऊन उभा राही. नत्थुजी गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसून मूठभर कापूस काढी, डोळे मिटून डाव्या गालाला लावी आणि म्हणे, "ओला." नाहीतर, "कोरडा." दहा वर्षांत गाल एकदाही चुकला नव्हता. नत्थुजीला शेत नव्हतं, रूप तर नव्हतंच. जे काही होतं ते या एका गालाचं नाव, आणि त्याचा ताठा एवढा की रस्त्यानं चालतानाही तो डावी बाजू लोकांकडे करून चालायचा.

त्या कार्तिकात घात झाला. अकोल्याहून साहेबाचं सामान घेऊन येणारी गाडी भातकुलीजवळ नदीच्या उतारात कलंडली आणि विलायती तंबाखूची पेटी पाण्यात बुचकळून निघाली. साहेबाचा पाईप पेटेना. पेटला तर हुक्क्यासारखा गुडगुडायचा आणि तोंडात काळं पाणी यायचं. दोन दिवसांत साहेबाचं डोकं असं फिरलं की कोरडाठाक कापूससुद्धा तो हाकलून देऊ लागला. गाड्यांची रांग वेशीपर्यंत गेली.

तेव्हा नत्थुजी छाती काढून पुढे झाला. "साहेब, ओलं-कोरडं हे आपल्या गालाचं काम हाये. तीन दिसांत तंबाखू जशी पायजे तशी करून देतो."

साहेबानं त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत एवढंच म्हणाला, की जमलं तर उत्तम. पण ज्या गालाला तंबाखू कळत नाही, त्याला कापूस तरी काय कळणार? मग दुसरा पारखी आणावा लागेल.

 पण नत्थुजी बोलून बसला होता.

साहेबाचा खानसामा गयासुद्दीन रोज स्वतःच्या हातानं पाईप भरायचा. त्यानं तंबाखूचं गाठोडं देताना बजावलं, "नत्थुजी, गाल रहने दो. चिमटीनं पाहा. दाबली आन् गोया होऊन चिकटून बसली, तं ओली. चुरा झाली, तं मेली. दाबून सोडली की हयूहयू उमलली पायजे, मंग समजा झाली."

"दहा वर्षं मी काय चिमटीनं कापूस पायला?" असं म्हणून नत्थुजी निघाला.

घराच्या धाब्यावर सुपात तंबाखू पसरली. दर घटकेला शिडी चढायची, चिमूट गालाला लावायची. आता कापूस गालाला लागला तर गार लागतो नाहीतर ऊन लागतो, एवढंच. तंबाखू चावते! पहिल्या दिवशी गाल झोंबला, दुसऱ्या दिवशी टमाट्यासारखा लाल होऊन सुजला. आणि जोवर झोंबतंय तोवर ओल आहे, असा नत्थुजीचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारून गाल इतका बधिर झाला की काहीच झोंबेना. "झाली!" तो वरून ओरडला, आणि सूप घेऊन खाली आला. मनकर्णेनं वाकून पाहिलं आणि तिला लागोपाठ सात शिंका आल्या.

"अवो, हे तं तपकीर झाली!" ती नाक पुसत म्हणाली.

चिमटीत धरली तर पीठ. नत्थुजी मटकन खाली बसला. मग त्याला एकच उपाय सुचला. तोंडात पाणी भरलं, गाल फुगवले आणि तंबाखूवर फुर्रर्र करून फवारा मारला.

मनकर्णेनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "दहा वर्सं यासाठीच लोकायले भर बाजारात शिव्या देल्ल्या ना? आन् तुमाले तं ओलं करनंबी येत नाई. पाहा, अर्धा चिखल, अर्धा भुसा."

नत्थुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मनकर्णे, माहं नाव चाललं."

तिला दया आली. "मंग ज्याले येते त्याच्याकडे जा. भातकुलीच्या चंद्रभानकडे."

हे म्हणजे चोराच्या घरी कुलूप मागायला जाणं झालं. बाकीचे नुसतं पाणी शिंपडत. चंद्रभान कापूस असा ओलवायचा की हात लावून, पिळून, कशानंच कळत नसे. फक्त नत्थुजीच्या गालाला कळे. सहा वर्षं चंद्रभान गाडी आणत होता आणि सहा वर्षं नत्थुजी सगळ्यांसमोर ती परत पाठवत होता. तरीही तिसऱ्या दिवशी उजाडताच नत्थुजी गाठोडं काखेत मारून, सुजल्या गालावर दुपट्टा ओढून भातकुलीला पोचला.

चंद्रभाननं सगळं ऐकून घेतलं. हसला मात्र नाही. कारागिराकडे कारागीर आला होता.

"पानी मालाले लावाचं नसते, राजेहो," तो म्हणाला. "पानी हवेले लावाचं असते."

त्यानं खोलीची जमीन पाणी मारून ओली केली, वर भिजलं गोणपाट अंथरलं, त्यावर तिवई, तिवईवर टोपलीत तंबाखू. दार लावून घेतलं. अर्ध्या घटकेनं आत जायचं, हलक्या हातानं वरखाली करायची, पुन्हा दार लावायचं. दुपार कलली तेव्हा नत्थुजीनं पहिल्यांदा गाल सोडून चिमूट धरली. दाबून सोडली. तंबाखू हळूहळू उमलली. नत्थुजी लहान पोरासारखा हसला.

"याचं काय घेशान?" त्यानं विचारलं.

"येत्या बाजारी माही गाडी येईन. तुमी कापूस गालाले लावाचा, आन् सर्व्यायसमोर मनाचं, कोरडा. बस."

नत्थुजीनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्या संध्याकाळी साहेबाचा पाईप पहिल्या काडीत पेटला. साहेबानं डोळे मिटले, एक लांब झुरका घेतला, आणि आनंदाच्या भरात नत्थुजीच्या गालावर थोपटलं. डाव्याच. मनकर्णेला हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस अबोला धरला.

नत्थुजीला मात्र बाजाराचा दिवस येईपर्यंत घास गिळवेना. उपकार तर झाला होता. पण जे नाव वाचवायला गेलो, तेच नाव विकायचं? शेवटी त्यानं ठरवलं, गाल खोटं बोलणार नाही.

बाजार भरला. चंद्रभानची गाडी पुढे आली. नत्थुजीनं हात खुपसला, मूठ काढली आणि धीर सुटेल या भीतीनं कापूस गालाला टेकायच्या आधीच ओरडला, "ओला!"

मग कापूस गालाला टेकला. तो कोरडा होता. ठणठणीत कोरडा, भर दुपारी वेचल्यासारखा ऊन.

 चंद्रभान नुसता पाहत राहिला. कुणालाच काही कळलं नव्हतं, साहेबानं गाडी परत फिरवायला हातही वर केला होता. नत्थुजी गप्प बसला असता तर गालाचं नाव जन्मभर शाबूत राहिलं असतं.

"चुकलो," नत्थुजी म्हणाला. डोळ्यातून एक थेंब डाव्या गालावर ओघळला. "कोरडा हाये."

 साहेबाच्या तोंडातला पाईप विझला. तेव्हा चंद्रभान पुढे आला, आपल्याच गाडीतला मूठभर कापूस घेतला आणि नत्थुजीचा डावा गाल पुसून काढला. मग तो ओला बोळा उंच धरून सगळ्यांना दाखवला.

"गालाची चूक नाई, राजेहो! त्यायचा गालच ओला होता. घामानं."

बाजार खो-खो हसला आणि गाड्या पुन्हा हलल्या. तो घाम नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. चंद्रभान जरा जवळ सरकला. "चार दिस उनात वायवला, घागर बाजूले फिरकू देल्ली नाई," तो हळूच म्हणाला. "एकडाव अजून मना ना."

"कोरडा," नत्थुजी म्हणाला.

पुढल्या बाजारी चंद्रभानचा कापूस नेहमीसारखा ओला आला. नत्थुजीनं आधी दुपट्ट्यानं गाल पुसला, मग कापूस लावला, आणि नेहमीसारखी गाडी परत पाठवली. दोघांनाही त्या दिवशी फार बरं वाटलं.