उन्हात वाळत घातलेल्या डिस्क

मी पटकन चिडणारी बाई आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात डोकं थंड राहिलेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. पण गिरीज गावातल्या त्या घराच्या ओट्यावर मी जे पाहिलं, त्याने चिडायचंसुद्धा सुचेना. एका सुपात सुकट वाळत होती आणि शेजारच्या सुपात, फडक्यावर नीट मांडून, चार हार्ड डिस्क.

"ओल गेली असेल ना आता?" घरातल्या बाईंनी विचारलं. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. फोन त्यांनीच केला होता, कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून. मी पोहोचेपर्यंत बाईंनी आपला उपाय करून टाकला होता.

"वाडीत सगळ्यालाच ओल लागते, मॅडम. गाद्या, मसाले, अल्बम, काय पण. उन्हात घातलं की बरं होतं." मग जरा थांबून त्यांनी खरं तेही सांगून टाकलं, "एक हातातून पडली. फरशीवर."

मी डोळे मिटून घेतले. कुठली डिस्क मशीनच्या कुठल्या खणातली, कुणालाच ठाऊक नव्हतं. वरून चौघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

सर मला आत घेऊन गेले. खिडकीपाशी खाटेवर त्यांची आई होती. गावातल्या लग्नांत उंबराचं पाणी आणायच्या विधीला निघालेल्या बायकांच्या पुढे उभी राहून गाणी म्हणायची ती हीच. घरच्या बोलीतली ती गाणी आता फार कुणाला येत नाहीत. सरांनी सवड काढून ती रेकॉर्ड केली होती. मग अर्धांगाचा झटका आला आणि आईची वाचा गेली.

"आयची गाणी तेवढी त्यात आहेत," सर म्हणाले. "बाकी कुठेच नाहीत."

"दुसरी कॉपी?"

"चार डिस्क आहेत की. म्हणजे चार कॉप्या."

मी कपाळावर हात मारला. हे मशीन म्हणजे त्यांच्या भाच्याच्या ऑफिसातून निघालेला जुना सर्व्हर. त्यात कॉप्या नसतात. एकाच गोष्टीचे तुकडे करून ते चौघींत वाटून ठेवलेले असतात, एकटी डिस्क कुणाच्या कामाची नाही. हे मी जरा जास्तच फटकळपणे सांगितलं. सरांचा चेहरा उतरला, तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं.

मशीनची पेटी उघडली तर मूळ बिघाडात डिस्क बिचाऱ्या निर्दोष होत्या. बिघडलं होतं ते कंट्रोलर कार्ड, म्हणजे कुठला तुकडा कुणाकडे ठेवायचा हे ठरवणारं. त्याच्या सोल्डरच्या टाक्यांवर ओलीने हिरवट गंज चढला होता. बाईंचं निदान बरोबर होतं, फक्त रोगी चुकला होता. गोखिवऱ्याला माझ्या दुकानात तसलंच एक कार्ड पडून होतं. दुसऱ्या दिवशी ते आणि एक नवी डिस्क घेऊन मी परत गेले.

पडलेली डिस्क टकटक आवाज करत होती, ती बाजूला काढली. उरलेल्या तिघी हाताला येतील त्या खणांत बसवल्या आणि मशीन चालू केलं. नव्या कार्डाने सांगितलं की या डिस्कवर कुणा दुसऱ्याची मांडणी दिसते. खाली दोनच पर्याय होते, एक ती मांडणी स्वीकारण्याचा आणि एक पुसून टाकण्याचा. एकाखाली एक, एका बोटाच्या अंतरावर. हे काम मी कितीतरी वेळा केलं आहे, तरी त्या दिवशी ते दोन्ही पर्याय मी दोनदा वाचले. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी स्वीकारलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग स्क्रीनवर एकेक नाव उमटू लागलं. कार्ड नवीन, खण चुकीचे, सुपातून उचलून आणलेल्या डिस्क. तरी प्रत्येकीने आपला क्रमांक सांगितला, आपल्या सोबतिणी कोण तेही सांगितलं. हे त्यांच्या अंगावरच लिहिलेलं असतं, हे मला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत घडणं वेगळं. चौथी हजर नाही हेही त्यांनी सांगितलं, आणि तिच्याकडचं जे होतं ते उरलेल्या तिघींवर जपून ठेवलेल्या जादा हिशेबातून पुन्हा उभं राहिलं. ज्याने कुणी पहिल्यांदा ही युक्ती काढली, त्याला मनातल्या मनात हात जोडले.

नवी डिस्क रिकाम्या खणात घातली, गटात सामील करून घेतली. तिच्यावर चौथीचा वाटा लिहिला जाऊ लागला. ते काम बराच वेळ चालतं, पण तोवर फायली उघडता येतात. सरांनी पहिलं गाणं लावलं.

खणखणीत आवाज होता. एक ओळ झाली आणि एकदम शांतता. पुन्हा एक ओळ, पुन्हा शांतता. मला वाटलं, मधले तुकडे गेले, पोकळ्या राहिल्या.

"थोडं गेलंय, सर," मी म्हटलं.

सर हसले. "काही गेलं नाही, मॅडम. आय एक ओळ म्हणते, मग बाकीच्या बाया तीच ओळ उचलतात. रेकॉर्डिंगला दुसरं कोणी नव्हतं. तरी ती थांबायची. तिला तसंच येतं."

पुढची ओळ संपली आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाईंनी ती उचलली. ओल्या हातांनी, जरा लाजत. त्यानंतरच्या ओळीला सरांनीही भसाडा सूर लावला.

मग खाटेवरून आवाज आला. त्यात शब्द नव्हते. पण चाल अगदी बरोबर होती. बाईंनी आपली ओळ अर्ध्यावर सोडली. पुढची ओळ सुरू झाली तरी आजी थांबल्या नाहीत, कॉम्प्युटरमधल्या आपल्याच आवाजाबरोबर म्हणत राहिल्या.

सरांनी हात पुढे केला आणि रेकॉर्डिंगचा आवाज कमी केला. त्यात खाटेवरच्या आयचा आवाज ऐकू येत नव्हता.