पहिल्या सहा ओळी

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या पदरात मूठभर शाळू ज्वारी बांधली. दारातच पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "हे खायाचं न्हाय. दर साली पेराय यायचं हाय, त्याची आठवन हाय. येशील न्हवं?" मी हो म्हटलं. बैलगाडीत पत्र्याची ट्रंक चढली होती, भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून झाली होती, हे बैलांपाशी उभे होते. मी मात्र आतून धुमसत होते. सोलापूरला जायचं हे ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं.

जायचं कारण होतं आमचं साडेतीन एकर रान. सासरे गेल्यावर दोन भावांत वाटणीची गोष्ट निघाली. भांडण नव्हतं, ज्ञानू भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, स्वभावानं गरीब गाय. पण भावकीतली चार माणसं जमली की वाटणी निघतेच. तेव्हा ह्यांनी सगळ्यांना रानात नेलं आणि मधोमध पावलं टाकून दाखवली. "हितं बांध घातला की दोन हात जागा बांधानं खाल्ली. दोनी बाजूला बैल वळवायला जागा सोडायची. मग पेरायचं कुटं, डोस्क्यावर?" मग हे म्हणाले, "रान एकाचं पोट भरंल, अर्धं रान कुनाचंच भरायचं न्हाय. थोरला मी हाय, मी जातो." झालं. माढ्याच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना मी ट्रंकेवर पाठमोरी बसून राहिले.

साडेतीन एकर म्हणजे किती, हे गावी राहिलेल्यांना सांगायला नको. पण आमच्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या पोरांना आता ते पटत नाही, म्हणून लिहिते. वरचा तुकडा मुरमाड, खालचा काळा. खाली शाळू, वर जे येईल ते. कडेनं करडईच्या ओळी, कारण करडईला काटे असतात आणि गुरं आत तोंड घालत नाहीत. बांधावर तूर, कोपऱ्यात हरभरा. वैशाखात ओळखीचा धनगर यायचा, त्याच्या मेंढ्या आठ दिवस रानात बसायच्या. त्यांच्या लेंड्यांनी रान तयार व्हायचं आणि बदल्यात धनगराला खळ्यावर धान्य जायचं. कडब्याची एक पेंडी वाया गेलेली आत्यांना चालायची नाही. शेजारची एक बाई एकदा म्हणाली, तुमचं रान काय, पदराएवढं. आत्या म्हणाल्या, "व्हय, पदराएवढंच हाय. लेकरू पदरातच मावतं की." त्या रानावर आम्ही कुणाच्या दारात धान्य मागायला पायली घेऊन उभे राहिलो नाही, आणि हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो.

आता मुठीचं सांगते. पेरायच्या तिफणीला वर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्याला तीन भोकं, तीन नळ्या, खाली तीन फण. पुरुष बैल हाकतो आणि मागून बाई चालता चालता मुठीतला दाणा चाड्यात सोडते. तिन्ही भोकांत सारखा दाणा पडला पाहिजे. मूठ सैल सुटली तर उगवताना झुंबड, आवळली तर टक्कल. हे शिकवून येत नाही, हातातच असावं लागतं, आणि ते माझ्या हातात होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आत्यांनी बियाणाची ओटी माझ्या कमरेला बांधली, तेव्हापासून त्यांनी चाड्याला हात लावला नाही. "थोरलीच्या हाताला दाना हाय," असं त्या गावभर सांगायच्या. मी सोलापूरला निघाले तेव्हा आत्यांना लेकापेक्षा ह्या मुठीची काळजी जास्त होती, असं मला वाटतं.

सोलापुरात आम्हाला गिरणीजवळ चाळीत एक खोली मिळाली. ह्यांना काम लागलंच होतं, दोन महिन्यांनी मीही लागले. सूत बॉबिनवर गुंडाळायचं खातं होतं, त्यात सगळ्या बायकाच. धागा तुटला की चालत्या यंत्रात टोक शोधून गाठ मारायची. पहिल्या आठवड्यात जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, माझी गाठ बघितली आणि विचारलं, आधी कुठल्या गिरणीत होतीस? मी म्हटलं, तिफणीमागं होते. तो हसला, पण मी खरंच सांगत होते. बोटांना बारीक दाण्याची सवय होती, सूत काय आणखी बारीक.

हळूहळू बोलणंही बदललं. भोंगा, पाळी, खाडा, पास हे शब्द तोंडात बसले. शेजारच्या खोलीत नरसम्मा होती, तेलुगू बोलणारी, तिचा नवरा घरीच हातमागावर लुगडी विणायचा. ती मला अक्का म्हणायची. खालच्या खोलीत अक्कलकोटकडची एक कानडी म्हातारी होती, ती येता-जाता "ऊट आयता?" म्हणून जेवणाची चौकशी करायची. पहिल्या दिवशी मला वाटलं ती मला उठ म्हणते आहे, आणि मी उठून उभी राहिले. मी लिहायला-वाचायलाही चाळीतच शिकले, पुढं माझी धाकटी शाळेत गेली तेव्हा तिच्याच पाटीवर. गावात राहिले असते तर हे सगळं झालं नसतं, हे मी कबूल करते.

पण दर वर्षी हस्ताचा पाऊस पडला की मी चार दिवसांचा खाडा करून गावी जायचेच. जॉबर कुरकुर करायचा. मी म्हणायचे, माझ्याशिवाय तिकडं तिफण हलत नाही. आणि हे म्हणताना माझी छाती वीतभर फुगायची.

आम्ही गेल्यावर वर्षानं ज्ञानू भावजींचं लग्न झालं. करमाळ्याकडची सुंदरा घरात आली. कामाला वाघीण, बोलायला गोड, मलाही आक्काच म्हणायची. पण डावखुरी. विळा डाव्या हातात, खुरपं डाव्या हातात, भाकरीसुद्धा डाव्या हातानं थापायची. आत्यांनी पहिल्याच दिवशी काटवटीवरून तिचा हात बाजूला केला. बिचारीनं उजव्या हातानं भाकरी थापायला घेतली ती कायमची वेडीवाकडी. आणि बियाणाला तर तिनं हातच लावायचा नाही. "डाव्या हातानं लक्ष्मी मातीत टाकत न्हाईत," आत्यांचा शब्द म्हणजे शब्द. मी पेरायला यायचे तेव्हा सुंदरा पाण्याची घागर घेऊन बांधावर उभी असायची आणि माझ्या हाताकडं टक लावून बघायची.

खोटं कशाला बोलू? मला ते बरं वाटायचं. शहरात राहूनही ह्या घराचा दाणा माझ्या मुठीत आहे, ह्याचा मला माज होता. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, "सुंदरे, तुला पेराय दिलं तर शाळू उलटा उगवायचा." सगळे हसले, तीही हसली. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मग ते वर्ष आलं. माझी धाकटी मुलगी चाळीतच झाली, बाळंतपण जड गेलं. नरसम्मानं सख्ख्या बहिणीसारखं केलं. मूल वीस दिवसांचं होतं तेव्हा आमच्या गावचा भिवा, जो ह्यांच्याच खात्यात होता, गावाहून परत आला आणि खोलीच्या दारातच बोलला, "वहिनी, हस्त लई चांगला बरसला. समद्या गावात तिफनी चालल्यात. तुमचं रान तेवढं पडून हाय."

मला कळेना. "पडून का?"

"म्हातारी म्हनती, थोरलीची मूठ पडल्याबिगर तिफन चालायची न्हाय. चार दिस झालं, वाट बघत्यात तुमची."

शाळूचं पेरणं म्हणजे ओलीचा खेळ. पेरण्याजोगा वाफसा आला की चार-सहा दिवस, मग वरची माती सुकते, आणि सुकल्या मातीत दाणा टाकून वर्षभर आभाळाकडं बघत बसायचं. आत्यांच्या हाताला कंप सुटलेला, भावजी बैलांमागं, आणि त्या दिवसांत गावात कुणाचा हात मोकळा असतो? घरात हट्टाकट्टा हात एकच, तो डावा. आणि त्यांनी चार दिवस माझी वाट बघत घालवले होते! मला रागही आला आणि, काय सांगू, सुखही वाटलं. पण ते सुख क्षणभरच टिकलं. रान न पेरताच राहिलं तर ह्यांनी गाव सोडून काय मिळवलं? बांध न घालता राखलेलं ते रान माझ्या मुठीच्या कौतुकापायी ओस पडणार होतं.

हे नको म्हणत होते. मी थोरल्या लेकीला नरसम्माकडं ठेवलं, तान्हीला कपड्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. हेही आले. गावात पोचलो तशी घरात न जाता रानातच गेले. भावजींनी तिफण जुंपलेलीच होती. आत्यांनी तान्हीला मांडीवर घेतलं आणि माझ्या कमरेला ओटी बांधली. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

पहिली फेरी कशीबशी पार पडली. जाताना तीन ओळी, येताना तीन ओळी. येताना माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, हात लटपटायला लागला. दाणा कुठं पडतोय हेच कळेना. बांधापाशी आले आणि मटकन खाली बसले. सुंदरा घागर घेऊन धावत आली. तिनं मला पाणी पाजलं, तोंडावर मारलं. सूर्य कलायला लागला होता. मी पायाखालची माती हातात घेतली. वरचा थर सुकलाच होता, खाली ओल होती, पण उद्या राहील असं दिसत नव्हतं.

मी ओटी सोडली आणि सुंदराच्या कमरेला बांधली. "जा, धर मूठ."

ती घाबरून आत्यांकडं बघायला लागली. मग तिनं उजवा हात पुढं केला, त्याच हातानं ती इतकी वर्षं वाकड्या भाकरी थापत होती. मी म्हटलं, "तो न्हवं. डावा."

आत्या ताडकन बोलल्या, "थोरले, येडी झालीस का काय? बुडंल की समदं!"

मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आत्या, मातीला डावा-उजवा कळत न्हाय, उशीर कळतो. चार दिस तुमी माजी वाट बगितली. आता उद्याची बगू नका."

भावजी बैलांच्या शेपटीकडं बघत उभे. शेवटी आत्या तान्हीला घेऊन रानाकडं पाठ करून बसल्या. बैल हलले. सुंदरा तिफणीमागं चालायला लागली आणि मला दोन पावलांतच कळलं. इतकी वर्षं बांधावरून तिनं माझा हात पाठ करून टाकला होता. मूठ थांबत नव्हती, सांडत नव्हती. दिवस मावळायच्या आत रान पेरून झालं. आत्यांनी तोवर एकदाही मागं वळून बघितलं नाही.

अंगात ताप भरल्यानं मी गावातच राहिले. आठव्या दिवशी पहाटे आत्या कुणाला न सांगता रानात गेल्या. परत आल्या तेव्हा सुंदरा चुलीपुढं भाकरी थापत होती. आत्यांनी काटवटीवरून तिचा उजवा हात बाजूला केला. मग म्हणाल्या, "सुंदरा, आजपास्नं भाकरी बी डाव्याच हातानं थाप." आणि पाय धुवायला निघून गेल्या. सुंदरा मात्र पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली.

दुपारी मी काठी टेकत रानात गेले. अख्खं रान सुतानं आखल्यासारखं उगवलं होतं. फक्त वाटेकडच्या पहिल्या सहा ओळी, माझ्या, कुठं झुंबड तर कुठं टक्कल. साडेतीन एकर वाचलं ह्याचा आनंद होता, सुंदराचा अभिमान होता, आणि तरी वाटलं की आता ह्या रानाला माझं काही काम उरलं नाही. सुनेची मूठ घरात आहे म्हटल्यावर शहरातल्या सुनेची वाट कोण बघणार?

पुढच्या वर्षी हस्त बरसला, पण कुणाचा निरोप आला नाही. जॉबरनंच विचारलं, यंदा खाडा नाही? मी म्हटलं, नाही, आता तिकडं हात आहे. आणि मान खाली घालून बॉबिन बदलली. त्या आठवड्यात माझ्या गाठी वरचेवर सुटत होत्या.

हुरड्याच्या दिवसांत मात्र आम्ही सगळे गावी गेलो. वाटेवरूनच रान दिसतं. शाळू माणसाच्या वर गेला होता, कणसं भरली होती, ओळी सारख्या. फक्त वाटेकडच्या पहिल्या सहा ओळी, कुठं झुंबड, कुठं टक्कल. मी बघतच राहिले. घरात पाय टाकल्या टाकल्या सुंदराला चिडवलं, "काय गं, सुरवातीला हात इसरलीस व्हय?"

सुंदरा लाजली. "त्या माज्या न्हाईत, आक्का. त्या तुमच्या हायत."

"माज्या? मी कुटं आले पेराय?"

"तुमी न्हाई आला म्हनून तर. पहिली फेरी तुमच्या नावानं, ती उजव्या हातानं टाकली. माजा उजवा हात असलाच, काय करू?"

आत्या उंबऱ्यात बसून कणसं निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "थोरलीच्या वळी हायत त्या," एवढंच म्हणाल्या. "कुनी मोडायच्या न्हाईत."

आता आत्या नाहीत. आमची सोलापूरची खोली दोन खोल्यांची झाली, पोरी शाळेत जातात, तेलुगूत भांडतात आणि मराठीत रडतात. ते साडेतीन एकर अजून अखंड आहे, त्यात बांध नाही. ज्या वर्षी मला जमतं त्या वर्षी मी पेरायला जाते, आणि त्या सहा ओळी सारख्या येतात. ज्या वर्षी जमत नाही त्या वर्षी कुठं झुंबड, कुठं टक्कल. गावातली पोरं वाटेनं जाता-जाता रानाकडं बघून एकमेकांना सांगतात, यंदा थोरली आली न्हवती.