ताईचा कंप्युटर बंद होईना

नव्याण्णव साली रोह्याला माझ्या ताईच्या घरचा कंप्युटर दोन दिवस बंद व्हायला तयार नव्हता, आणि त्यामुळे तिच्या घरातलं कोणी बाहेर पडत नव्हतं.

गुरुवारी बसवून दिला होता मीच. मी पेणला राहणारा, तीन महिन्यांचा कोर्स केलेला. म्हणजे आमच्या नात्यागोत्यात थेट इंजिनिअर! (त्यातला एक महिना सर आजारी होते, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.) निघताना ताईला वहीच्या पानावर लिहून दिलं, 'बंद करताना: स्टार्ट, शट डाउन, एंटर.' वर दमही भरला, "बटण दाबून नाय, वायर खेचून तर नायच नाय. आतलं सगळं उडेल!"

आत होती भावजींच्या पुतणीच्या लग्नाची आमंत्रणाची यादी. चारशे नावं, ताईने दोन बोटांनी टाइप केलेली. आणि रविवारी कोलाडला त्याच पुतणीचा साखरपुडा होता.

शनिवारी पेणला आमच्या शेजाऱ्यांकडे ताईचा फोन आला. "दिनू, हा बंद केला की परत चालू होतो रे! कालपासून वीज जायची वाट बघतोय, तर ती पण जात नाय!" एरवी रोह्याची वीज दिवसातून चारदा जायची.

रविवारी पहिल्या एसटीने पोचलो. ताईच्या सासूबाई कंप्युटरसमोर खुर्ची टाकून बसलेल्या. मांडीवर पाण्याची कळशी!

"मावशी, हे काय?"

"पेटला तर?" त्या म्हणाल्या.

मी कळशी हलवली आणि कामाला लागलो. स्टार्ट, शट डाउन, एंटर. पडदा काळा झाला. मग टॅडँग करून संगीत वाजलं आणि पडदा परत उजळला! मी कीबोर्ड उलटा करून झटकला. चिवडा पडला. परत एंटर, परत टॅडँग. माऊसच्या पोटातली गोळी साबणाने धुतली. टॅडँग! चालू डबा उघडायचं धैर्य नव्हतं, म्हणून बाहेरूनच थोपटला.

"व्हायरस असणार," मी गंभीरपणे म्हणालो.

"औषध मिळेल कुठं?" भावजींनी चपला घातल्या.

तेवढ्यात दारात रिक्षा येऊन भोंगा वाजवू लागली. साखरपुड्याची वेळ होत आली होती. मावशींनी नेसलेलं नवं लुगडं सारखं केलं आणि परत खुर्चीत बसत ताईला म्हणाल्या, "गो सुनंदा, तुम्ही व्हा पुढं. मी राहते याच्यापाशी."

नातीचा साखरपुडा, आणि आजी घरी यंत्र राखणार! तेही माझ्या धमकीपायी. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तेव्हा ताई हळूच म्हणाली, "दिनू, एक विचारू? रागावू नको. तू एंटर मारतोस ना, तेव्हा हा ठिपका रिस्टार्टपुढे असतो. शट डाउन त्याच्या वर हाय. ठिपका वर नेला तर?"

नेला. एंटर मारला. 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, आणि टॅडँग काही वाजलं नाही. बसवताना मी शेवटी रिस्टार्ट केलं होतं. बिचारं यंत्र तेच लक्षात ठेवून बसलं होतं.

"तुला कधी दिसलं हे?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लिहून दिलं होतंस ना. मी सातवी शिकलेली. वाटलं, असेल काहीतरी कारण."

ताईची शाळा सातवीतच सुटली होती. आई गणपतीच्या कारखान्यात जायची आणि घरी मला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. रिक्षात आम्ही चौघं दाटीने बसलो. मावशींचं बोलणं थांबत नव्हतं. मी मात्र कोलाडपर्यंत ताईकडे बघितलं नाही.

मांडवात भावजींनी माझी ओळख करून दिली, "आमचा इंजिनिअर! सकाळपासून राबला!" लगेच एक गृहस्थ सरकून जवळ आले.

"आमचा पण असाच करतो हो. तुमच्याकडे बिघाड कशात होता?"

"ऑपरेटरमध्ये."

"आणि तो दुरुस्त झाला?"

"नाय," मी म्हणालो, "बदलावा लागला."