सोमारीबाईने परत केलेलं दूध

काल नर्सबाई आमच्या नातसुनेला सांगून गेली, वर्षभर बाळाला गाईचं दूध देऊ नका, अंगावरचंच पाजा. तेव्हा गॅसवर दूध तापत होतं. त्या वासाबरोबर मला दरेकशाकडच्या माहेरची सोमारीबाई आठवली. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा.

सोमारीबाई आमची शेजारीण, गोंडाची. तिची लेक बाळंतपणात गेली आणि तान्हा नातू मागे राहिला. आईने मला लोटाभर नुकतं काढलेलं दूध देऊन तिच्याकडे पाठवलं. पोर रडतही नव्हतं, नुसतं तोंड उघडत होतं. सोमारीबाई त्याला बोटाने तांदळाची पेज चाटवत होती. त्यांच्या घरी गाईची धार काढत नसत.

"वापस ने, पोरी. हे वासराचं होय."

"मरून जाईन ना लेकरू! आई म्हणते, दुधात ताकद असते."

"असते ना. तुमच्या वासराच्या फासळ्या पाह्य. त्याची ताकद तुम्हीच पिऊन राहिले."

आठवडाही झाला नाही, पोर गेलं. आई म्हणाली, बुढीने हट्टापायी मारलं. जन्मभर मीही तेच म्हणत आले. आता म्हणवत नाही. आमच्या दुधाने ते जगलं असतं की नाही, मला माहीत नाही.

पण माझी काकी तेव्हा ओली बाळंतीण होती. तिचं बाळ पिऊन झोपलं तरी तिचा पदर दुधाने भिजायचा. तिला गोंडाच्या घरी पाठवावं, हे आमच्या घरात कोणाच्याच तोंडून निघालं नाही.