मामांचं झाड, मामीचा गरुड

माझ्या मामांनी उभं आयुष्य एका झाडाची बाजू घेण्यात घालवलं. ते बागेत माळी. सुईसारख्या पानांचं ते दुर्मिळ सूचिपर्णी झाड त्यांच्या ताब्यात होतं. मामी कुंपणापलीकडच्या प्राणिसंग्रहालयात गरुड सांभाळायची. संसार सुखाचा होता, फक्त जेवताना तुलना चालायची.

मामा म्हणत, झाडाला मांस लागत नाही, ते बोचकारत नाही. मामी म्हणे, गरुड निदान माणूस ओळखतो. झाडाला जन्मभर पाणी घाला, ते ढुंकून बघणार नाही. ढुंकून न बघणं हाच त्याचा मोठेपणा, असं मामांचं म्हणणं. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायचे. दोघांनाही हो म्हणायचे आणि दोघांकडून वाढून घ्यायचे.

गरुड एकदा सुटला होता. पुन्हा सुटला तर परगावी पाठवू, असं बाग आणि प्राणिसंग्रहालय दोन्ही बघणाऱ्या साहेबांनी मामीला बजावलं होतं. आणि एका दुपारी मामीच्या हातून पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. गरुड उडाला तो थेट मामांच्या झाडाच्या कोवळ्या शेंड्यावर जाऊन बसला. शेंडा मोडला की त्या झाडाची सरळ वाढ खुंटते. मामांनी पत्र्याचा डबा आणि काठी उचलली.

मामी चामड्याचा हातमोजा घालून, मांसाचा तुकडा धरून धावत आली. "आवाज केलात तर तो परत यायचा नाही," एवढंच म्हणाली.

मामांनी डबा खाली ठेवला. शेंडा वाकत गेला, मामा बघत राहिले. शेवटी तो मोडला आणि गरुड निमूट मामीच्या हातावर उतरला. मामी त्याला घेऊन पळाली. मामा वाफ्यात बसून रडले.

संध्याकाळी फेरीवर आलेल्या साहेबांनी विचारलं, शेंडा कशानं मोडला? मामा म्हणाले, वाऱ्यानं. दिवसभर पान हललं नव्हतं. साहेबांनी मानेवरचा घाम पुसला आणि मामांकडे बराच वेळ पाहिलं.

"वारा वरच्या वरच होता, साहेब," मामा म्हणाले.

जेवताना मामीनं मामांना न विचारता दोनदा वाढलं. मग म्हणाली, "माझ्या गरुडानं कुणासाठी एवढं केलं नसतं."

"मग? झाडानंच केलं की," मामा म्हणाले.

मामी हो म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.